सहा महिन्यांनी या

माझ्या थोरल्या मावशीच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असायचं. तारखेच्या प्रत्येक चौकोनात तिचं बारीक, गणिताच्या बाईंना शोभेल असं अक्षर. दूध दीड लिटर, कामवालीचा खाडा, नवा सिलिंडर लावला, इस्त्रीचे कपडे अकरा. महिना संपला की त्याच पानावर बेरीज करून ती सगळ्यांचा हिशेब चुकता करायची. तिच्या एकाहत्तराव्या वर्षी जूनच्या पानावर 'नवा सिलिंडर लावला' हे लागोपाठच्या तीन तारखांना लिहिलेलं होतं आणि दुधाची बेरीज दोनदा खोडलेली होती. हे आम्ही फार नंतर पाहिलं. त्या वेळी मात्र तीच एकदा म्हणाली होती, "अगं, मला काहीतरी होतंय. बेरीज करायला बसले की मधेच कुठवर आले होते तेच कळत नाही." आणि आम्ही सगळ्यांनी, मायेनंच, तिला गप्प केलं. "मावशी, वय झालं आता. आम्ही नाही का विसरत?"

दीड वर्षानं मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या, एमआरआय झाला. डॉक्टरांनी जे सांगायचं ते माझ्या मावसबहिणीला सांगितलं. मावशी शेजारच्याच खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिच्याकडे पाहून ते एकदाच बोलले, "काय आजी, जेवण जातं ना व्यवस्थित?" मग एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, सहा महिन्यांनी या. परत येताना रिक्षात मावशीनं विचारलं, "काय म्हणाले?" बहीण म्हणाली, "काही नाही, बी-१२ कमी आहे तुझं."

डॉक्टर वाईट नव्हते. बाहेर चाळीस पेशंट बसले होते. पण मधल्या सहा महिन्यांत काय करायचं, हे त्या घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. गेली काही वर्षं या विषयावर मिळेल ते वाचते आहे आणि अशा घरांत जाऊन बसते आहे. माझं मत असं झालंय की डिमेन्शियाच्या सगळ्या प्रवासात आधाराचा सर्वांत जास्त उपयोग या सुरुवातीच्या काळात होतो, आणि आपल्याकडे नेमक्या याच काळात घर एकटं पडतं.

आधी आवाका पाहू. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांत हे प्रमाण ५.८ टक्के, तर स्त्रियांत ९ टक्के आहे. शहरात ५.३ टक्के, तर खेड्यात ८.४ टक्के. 'हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार' हा समज या दोन आकड्यांनीच मोडतो. त्याआधीच्या, २०१०च्या 'डिमेन्शिया इंडिया रिपोर्ट'मध्ये ३७ लाखांचा अंदाज होता. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे एकातून दुसरा आकडा वजा करून 'इतके वाढले' असं म्हणता येत नाही. खेड्यातल्या बायकांमध्ये प्रमाण जास्त का, याचा एक धागा शिक्षणाकडे जातो. लहानपणी शाळा न मिळणं हा पुढच्या वयात या आजाराचा धोका वाढवणारा घटक आहे, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे जिला शाळेत घातलं नाही, तिच्याकडून ते कर्ज सत्तरीत पुन्हा वसूल होतं.

डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. अल्झायमर, मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यानं होणारा प्रकार, लेवी बॉडी, आणि आधी स्वभाव व भाषा बदलणारा फ्रंटोटेम्पोरल, असे अनेक आजार त्यात येतात. सुरुवातीच्या टप्प्यात माणूस स्वतःचं सगळं करत असतो. आंघोळ, जेवण, गप्पा, पूजा नीट चालू असतात. अडतं ते अनेक पायऱ्यांच्या कामात. पुरणपोळीचा घाट, बँकेचा फॉर्म, नव्या रस्त्यानं परत येणं. पाहुण्यांसमोर तास-दोन तास सगळं इतकं छान निभतं की घरच्यांवरच कोणी विश्वास ठेवत नाही.

आपल्याकडे या अवस्थेला जे शब्द आहेत, ते मात्र बोचरे आहेत. म्हातारचळ. साठी बुद्धी नाठी. भ्रमिष्ट. 'स्मृतिभ्रंश' हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द, पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो रागामागून येणाऱ्या घसरणीच्या साखळीत येतो, त्यामुळे त्यालाही दोषाची छटा आहे. शब्दांचा प्रश्न किरकोळ नाही. जपानमध्ये या आजाराला पूर्वी जो शब्द होता, त्यात वेडसरपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये तिथल्या सरकारनं तो अधिकृतरीत्या बदलून आकलनाशी संबंधित नवा शब्द घेतला. लगेच पुढच्या वर्षी सामान्य नागरिकांना या आजाराची तोंडओळख करून देणारे छोटे वर्ग सुरू केले. आज तिथे बँकेतल्या कारकुनापासून दुकानदारापर्यंत लक्षावधी लोकांनी ते वर्ग केले आहेत.

लोक या आजाराकडे कसं पाहतात, यावर गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की लोकांना ही लक्षणं चांगली परिचयाची होती, पण तो आजार आहे असं वाटत नव्हतं. म्हातारपणाचा भाग, किंवा मुलांनी हेळसांड केल्याचा परिणाम, अशी समजूत होती. या दुसऱ्या समजुतीचे परिणाम मी पाहिले आहेत. सासू विसरते म्हणजे सून नीट बघत नाही, असा अर्थ शेजारीपाजारी काढणार, म्हणून घर ते लपवतं. लपवलं की तपासणी लांबते.

ती लांबल्यानं नुकसान होतं, कारण विसरण्याची काही कारणं बरी होणारी असतात. बी-१२ची कमतरता (शाकाहारी घरांत ती सर्रास असते), थायरॉइड, रक्तातलं सोडियम कमी होणं, नैराश्य, महिन्याभरापूर्वी मोरीत पडल्यावर डोक्यात साकळलेलं रक्त, झोपेच्या किंवा सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या. नैराश्यातला माणूस इतका डिमेन्शियासारखा दिसू शकतो की अनुभवी डॉक्टरही वेळ घेऊन ठरवतात. कानाला कमी ऐकू येणं तर आपण मोजतच नाही. निम्मं वाक्य ऐकूच आलं नाही तर ते लक्षात राहणार कुठून? 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४च्या अहवालात धोका कमी करता येण्याजोगे चौदा घटक आहेत. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा यांच्याबरोबर त्यात कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं हेही आहे. हे चौदाही घटक जन्मापासून म्हातारपणापर्यंत सांभाळले तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतील, असा आयोगाचा अंदाज आहे. सुरुवातीचं निदान झालेल्या माणसानंही मोतीबिंदू काढून घ्यावा आणि कानाचं यंत्र आताच लावावं, कारण यंत्र वापरायला शिकण्याची क्षमता अजून शाबूत असते.

तपासणीतल्या प्रश्नांबद्दलही बोललं पाहिजे. शंभरातून सात-सात वजा करा, आजची तारीख सांगा, घड्याळ काढा, हे प्रश्न शाळा शिकलेल्या माणसाला धरून तयार झालेले आहेत. ज्या बाईनं आयुष्यभर पेन्सिल हातात धरली नाही, तिला घड्याळ काढायला सांगणं म्हणजे तिला नापास करायला बसवणं. तिला तारीख सांगता येणार नाही, पण एकादशीला किती दिवस राहिले ते ती अचूक सांगेल, आणि सांगता येईनासं झालं तर ती खरी खूण. हरयाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी निरक्षरांनाही लागू पडेल अशी हिंदी चाचणी १९९०च्या दशकातच तयार झाली. पुढे आयसीएमआरनं भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच उभा केला. सुरुवातीला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत झाला. मराठी त्या पाचांत नव्हती, याचं वाईट वाटतं.

निदानानंतरचा पहिला प्रश्न: सांगायचं की नाही? आपल्याकडे बहुतेक घरं डॉक्टरांना खुणेनं 'नको' म्हणतात. धक्का बसेल, खचून जातील, ही भीती खरी असते. पण मी आता ठामपणे सांगायच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण त्या कालनिर्णयात आहे. मावशी गेल्यावर घर आवरताना जुनी पानं सापडली. त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्यानंतरच्या आठवड्यात, एका चौकोनात, दुधाच्या खाली तिनं लिहिलं होतं, 'डॉक्टर खरं काय म्हणाले ते विचारणे.' पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. तिला आपल्यात काय चाललंय ते कळत होतं, फक्त त्याबद्दल बोलायला तिच्याजवळ कुणी नव्हतं.

ज्याच्या नावानं हा आजार ओळखला जातो, त्या अलॉइस अल्झायमरनं १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आलेल्या ५१ वर्षांच्या आउगुस्टे डेटरशी समोर बसून संवाद केला होता. नाव काय, नवऱ्याचं नाव काय, आत्ता काय खाताय, असे प्रश्न विचारून तिची उत्तरं त्यानं जशीच्या तशी टिपून ठेवली. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर त्यानं ट्यूबिंगेनच्या सभेत तिच्या मेंदूतले बदल मांडले, ते सगळ्यांना माहीत असतं. टिपणांची ती फाइल १९९०च्या दशकात पुन्हा सापडली, तेव्हा जगाला तिचे शब्दही वाचता आले. म्हणजे या आजाराच्या इतिहासातल्या पहिल्या रुग्णालाही बोलतं केलं गेलं होतं, आणि आपण आज रुग्णाऐवजी त्याच्या लेकीशी बोलून मोकळे होतो.

सांगायचं म्हणजे एका दमात सगळं ओतायचं नाही. 'विसरायला होतंय, त्याचं कारण मेंदूचा आजार आहे. हळूहळू वाढतो. आम्ही बरोबर आहोत. तुला काय हवं-नको ते आताच सांगून ठेव.' एवढं पुरे. माणूस पुन्हा विचारेल, पुन्हा सांगावं. काहींना ऐकायचंच नसतं. तेही त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं आणि त्याचा मान ठेवावा.

आणि सांगण्याला एक रोखठोक कारणही आहे, कायद्याचं. आपल्याकडे पुष्कळ घरं मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. पण भारतीय करार कायद्याच्या २०१ व्या कलमानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं, त्याच दिवशी ते कुचकामी ठरतं. काही देशांत क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. पुढे पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, वकील, दाखले, तारखा. मृत्युपत्रही शुद्ध मनानं केलेलं असावं लागतं. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतच, माणसाला सगळं समजतंय तोवर, मृत्युपत्र करावं. त्याला डॉक्टरांचा क्षमतेचा दाखला जोडावा, शक्य तर ते नोंदवावं. बँक खातं संयुक्त करावं, नॉमिनी तपासावेत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत याची लेखी सूचना देता येते आणि आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. शेवटच्या काळात कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवू नये असं वाटत असेल, तर सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केलेलं इच्छापत्र आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं. ही सगळी कामं ज्याच्याबद्दल आहेत, त्याला आजाराचं नावही न सांगता कशी करणार?

पैशाच्या बाबतीत आणखी एक. ओटीपी मागणारे फोन अशा माणसांना बरोबर गाठतात. सगळे व्यवहार काढून घेण्याऐवजी एका वेगळ्या खात्यात थोडी रक्कम ठेवून तेवढंच कार्ड त्यांच्याजवळ राहू द्यावं. पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाइलवरून देता येतो, तेव्हा बँकेतली रांग टाळता येते. पण जाण्यात त्यांना आनंद असेल तर अवश्य न्यावं.

आता घरातल्या रोजच्या जगण्याबद्दल. इथे आधार म्हणजे काय, हे स्कॉटलंडनं सर्वांत स्पष्ट ठरवलं. २०१३ पासून तिथल्या सरकारनं निदान झालेल्या प्रत्येकाला किमान एक वर्ष एका ठरलेल्या कार्यकर्त्याची सोबत मिळेल असं वचन दिलं आहे. हा कार्यकर्ता आजार समजावतो, मित्रमंडळी व परिसराशी नातं टिकवायला मदत करतो, त्याच आजाराच्या इतरांशी गाठ घालून देतो आणि पुढची आखणी करून घेतो. प्रत्यक्षात ते वचन सगळ्यांपर्यंत पोचत नाही, पण निदान म्हणजे पुढच्या कामाची सुरुवात, हे तिथे धोरणानं मान्य केलं आहे. ॲमस्टरडॅममध्ये १९९३ मध्ये रोझ-मारी ड्रोस यांनी 'मीटिंग सेंटर' सुरू केली. वस्तीतल्याच एखाद्या समाजमंदिरात रुग्ण आणि त्याला सांभाळणारा, दोघं एकत्र येतात, दोघांसाठीही काहीतरी असतं. ही कल्पना पुढे इतर देशांत पसरली. 'कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी' नावाची एक ब्रिटिश पद्धत आहे. आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, चौदा बैठका. लहान गटात जुन्या वस्तू, गाणी, बातम्या, शब्दांचे खेळ. २००३च्या चाचणीत तिचा स्मरणावर व जीवनमानावर उपयोग दिसला. चेन्नईत ती तमिळ समाजाला अनुरूप करून वापरली गेली. मराठीत असं काही बांधायला सामग्रीची वाण नाही. आकाशवाणीवरची भावगीतं, पाढे, उखाणे, म्हणी पुऱ्या करणं, भाजी निवडणं. आमचे काका वयाच्या शहात्तराव्या वर्षी कुकर लावायला शिकले, पण मटार सोलायचं काम त्यांनी मावशीकडेच ठेवलं. ती तासभर सोलायची, पुन्हा पुन्हा मोजायची, खूश असायची. एकदा मी मदतीला हात घातला तर काका मला म्हणाले, "तिचं काम घेऊ नकोस."

ऑस्ट्रेलियाच्या केट स्वाफर यांना पन्नाशीच्या आतच निदान झालं. निदानानंतर डॉक्टरांपासून सगळे नोकरी सोडा, आवराआवर करा असं सुचवतात, त्याला त्यांनी 'लिहून दिलेली निवृत्ती' अशा अर्थाचं नाव दिलं आणि त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. आपल्याकडे ही निवृत्ती कुणी लिहून देत नाही, ती प्रेमानं लादली जाते. 'तुम्ही बसा आई, आम्ही करतो.' महिन्याभरात आई खरंच बसते.

दुसरी एक गोष्ट मराठी घरांनी तातडीनं थांबवावी. येणारा प्रत्येक पाहुणा चप्पल काढता काढता विचारतो, "ओळखलं का मला?" सगळे त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत राहतात. ती तोंडी परीक्षा असते, आणि तो माणूस आपल्याच घरात नापास होतो. मावशी अशा वेळी पदराचं टोक पिळायची. त्याऐवजी आत येताच सरळ सांगावं, "मावशी, मी मुलुंडची सुधाची मुलगी." चेहरा खुलतो, गप्पा सुरू होतात. एकच प्रश्न दहाव्यांदा आला तर तो माहितीसाठी नसून धास्तीपोटी असतो. तेव्हा उत्तर द्यावं आणि हातात हात घ्यावा. तिन्हीसांजेला बेचैनी वाढते, 'घरी जायचंय' सुरू होतं. त्याच्या आधीच दिवे लावावेत, फिरायला न्यावं. एकटे बाहेर जात असतील तर खिशात नाव-नंबरचं कार्ड ठेवावं, आणि कोपऱ्यावरच्या वाणी, इस्त्रीवाले, रिक्षावाले यांना विश्वासात घ्यावं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात अल्झायमर झालेले संस्कृतचे विद्वान हत्तीमागोमाग जाऊन हरवतात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. तिला आजाराचं नाव माहीत नाही, पण समोरच्या म्हाताऱ्यात ती लेकरू पाहते. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांचा तो चित्रपट प्रत्येक मराठी कुटुंबानं पाहावा.

परगावी वा परदेशी असलेल्या मुलांसाठी थोडंसं. व्हिडिओ कॉलवर आई ठीक दिसते, कारण वीस मिनिटं ती निभावते. वर्षातून एकदा येणाऱ्या मुलाला घरच्या भावाबहिणीची तक्रार अतिशयोक्ती वाटते आणि घरं फुटतात. आणि जे मराठी आईवडील आयुष्याच्या उत्तरार्धात न्यू जर्सीला किंवा बडोद्याला राहतात, त्यांच्या बाबतीत नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी मागे पडते, आईची भाषा टिकते. तिथे मराठी बोलणारं माणूस मिळणं हे औषधाइतकंच गरजेचं होतं.

औषधांचं चित्र लवकर सांगता येतं. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा आराम पडतो, आजार थांबत नाही. लेकॅनेमॅब या नव्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ते अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहे. अठरा महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. पण त्यासाठी महागड्या तपासण्या, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध आणि मेंदूला सूज वा रक्तस्राव होतोय का यावर लक्ष ठेवणं लागतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'स्मृती परत आणणाऱ्या' काढ्यांवर पैसे घालवू नयेत.

सांभाळणाऱ्याबद्दल बोलायचं तर पुन्हा गोव्यात जावं लागतं. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. जगातल्या डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी ६६ टक्के विकसनशील देशांत आणि संशोधन मात्र १० टक्क्यांहून कमी, या विषमतेवरून नाव घेतलेल्या '१०/६६' या संशोधकगटाच्या विचारातून ती उभी राहिली होती. चाचणीत मोठी यंत्रणा नव्हती. थोडं प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार, त्यांच्यामागे एक समुपदेशक आणि अर्धवेळ मनोविकारतज्ज्ञ. सल्लागार घरी जायचे, आजार समजावायचे, त्रासदायक वागण्याला कसं सामोरं जायचं ते दाखवायचे, सरकारी योजनांचे कागद करून द्यायचे, आणि सांभाळणाऱ्या बाईचं ऐकून घ्यायचे. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य लक्षणीय सुधारलं, त्रासाची जाणीव कमी झाली. आजार तसाच होता, घर सावरलं. मला या सगळ्या साहित्यातला हा सर्वांत मोलाचा अभ्यास वाटतो, कारण तो आपल्याच शेजारचा आहे, आपल्याला परवडणारा आहे, आणि त्याला आता पंधरा वर्षांहून जास्त काळ लोटला आहे.

मग अडलंय कुठे? वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये डिमेन्शियाचा जागतिक कृती आराखडा मांडला, पण भारताचा स्वतंत्र राष्ट्रीय आराखडा झालेला नाही. २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. डिमेन्शियाचा खर्च रुग्णालयात होत नाही, तो घरात होतो. ब्यूरोतून आणलेल्या मावशींचा पगार, सुनेनं सोडलेली नोकरी, रात्रीची गेलेली झोप. केरळनं २०१४ मध्ये 'स्मृतिपथम्' या नावानं राज्याचा कार्यक्रम सुरू करून दिवसा सांभाळण्याची आणि निवासी केंद्रं उघडली. महाराष्ट्रात मुंबईत डिग्निटी फाउंडेशन, सिल्व्हर इनिंग्ज यांसारख्या संस्था मनापासून काम करतात. पण बीड किंवा गडचिरोलीच्या घराला त्यांचा हात कसा पोचणार? तिथे पोचते ती आशाताई. तिच्या डोक्यावर आधीच खूप ओझं आहे, आणि मानधन अपुरं. हे काम तिच्यावर टाकायचं असेल तर ते मोबदल्यासह आणि प्रशिक्षणासह टाकावं. तोवर ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६, या दोन सरकारी मदतवाहिन्यांचे नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवावेत. मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांना माझी विनंती एवढीच की 'सहा महिन्यांनी या' लिहिताना त्याच कागदावर मधल्या काळात फोन करता येईल असं एक नाव आणि नंबर लिहा. ते तुमच्या दवाखान्यातली परिचारिका असू शकेल, एखादी समाजसेविका असू शकेल. आणि पहिली पाच मिनिटं त्या माणसाशी बोला.

दुसरी विनंती ज्येष्ठ नागरिक संघांना. महाराष्ट्रात गावोगावी संघ आहेत, फेस्कॉमसारखा त्यांचा महासंघ आहे, पुण्यासारख्या शहरांत महापालिकेनं बांधलेली विरंगुळा केंद्रं आहेत. सकाळी तिथे हास्यक्लब भरतो, संध्याकाळी कॅरम आणि पत्ते चालतात. ज्याला विसरायला होऊ लागतं तो डाव विसरल्याच्या लाजेनं तिथे येणं बंद करतो, आणि त्याची खुर्ची रिकामी झाल्याचं दोन-चार महिन्यांनी लक्षात येतं. त्याच्या घरी जा. त्याला आणि त्याला सांभाळणाऱ्याला, दोघांनाही बोलवा. दुपारी दोन ते पाच ती खोली बहुतेक ठिकाणी बंदच असते. खोली आहे, पंखे आहेत, चहाचं सामान आहे, भावगीतं पाठ असलेली माणसं आहेत. आठवड्यातली एक दुपार या लोकांसाठी उघडा.